रिकामा वेळ कोणाच्या खात्यावर?

उत्साही : एक गोष्ट आधी मान्य करून टाका, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. रात्री अकरा वाजता पुणे स्टेशनबाहेर सामान घेऊन उभं राहायचं, "कोथरूड?" विचारायचं, "नाही जमणार" ऐकायचं आणि पुढच्या रिक्षाकडे वळायचं, हे ज्यानं केलंय त्याला ॲपचं कौतुक वाटणारच. परवाना होता, बॅज होता, खाकी गणवेश होता. मीटरला वैधमापन खात्याचं सील होतं. भाडं नाकारणाऱ्याला दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात होती, आजही आहे. एवढा सगळा सरंजाम असून प्रवासी रस्त्यावर अजिजी करत उभा. मग ॲप आलं. बसण्याआधी पैसे कळायला लागले, चालकाचं नाव आणि गाडीचा नंबर कळायला लागला, मुलगी कुठवर पोचली ते आईला घरबसल्या दिसायला लागलं. यातलं काहीही आरटीओनं केलेलं नाही. आता तेच आरटीओ म्हणणार की या सेवेला आम्ही शिस्त लावतो. हसू येणार नाही तर काय?

शंकेखोर : हसा, पण अर्धवट हसू नका. ते "नाही जमणार" बंद झालं असं तुम्हाला खरंच वाटतं? ते फक्त फोनवर गेलंय. बुकिंग झालं की चालकाचा फोन येतो. "कुठे जायचंय? कॅश का ऑनलाइन?" तुम्ही ऑनलाइन म्हणालात की तो बरं म्हणतो, आणि नकाशावरची चिमुकली गाडी त्याच चौकात उभी राहते. दहा मिनिटं. तुम्ही वैतागून कॅन्सल करावं यासाठी, कारण त्यानं कॅन्सल केलं तर त्याचं रेटिंग पडतं. आणि नाव-नंबर दिसला म्हणजे सुरक्षितता आली, हेही पूर्ण खरं नाही. दिल्लीत डिसेंबर 2014 मध्ये एका प्रवासी तरुणीवर बलात्कार झाला, त्या चालकाचं नाव ॲपवर दिसतच होतं. त्याची पार्श्वभूमी कोणी नीट तपासली नव्हती. त्यानंतरच सगळ्यांना जाग आली. म्हणजे जे काम परवाना देणाऱ्यानं करायचं ते कंपनी आपोआप करेल, हा भाबडेपणा आहे.

उत्साही : तपासणी करा, विमा बघा, गाडीचं फिटनेस बघा. त्याला कोण नाही म्हणतंय? माझा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे. सरकार सुरक्षेचं नाव घेऊन शिरतं आणि दर ठरवायला बसतं, गाड्यांची संख्या ठरवायला बसतं. परवाने मोजून द्यायचे, मग ते परवाने आतल्या आत विकले जायचे. परवाना एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि चालवणारा तिसराच, रोजचं भाडं भरून. 2017 मध्ये रिक्षांच्या परवान्यांवरची मर्यादा राज्यानं उठवली, ते याच कारणानं.

शंकेखोर : आणि त्याचा पुढचा भाग? मर्यादा उठली तेव्हा ॲपवाल्या गाड्यांचाही पूर आलेला होता. सुरुवातीच्या वर्षांत कंपन्यांनी इन्सेंटिव्ह वाटले. ते आकडे ऐकून गावाकडची पोरं शहरात आली, कर्ज काढून गाड्या घेतल्या. गाड्या पुरेशा झाल्यावर इन्सेंटिव्ह आटले, बँकेचा हप्ता मात्र तेवढाच राहिला. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबईत चालकांनी जो लांबलेला संप केला तो यातूनच. परवान्यांवर मर्यादा का होती, हा प्रश्न आपण कधी धड विचारलाच नाही. ती नुसती खाबूगिरीसाठी नव्हती. रस्ता तेवढाच आहे आणि भाडीही तेवढीच आहेत. गाड्या वाढल्या की प्रत्येकाच्या वाटचा रिकामा वेळ वाढतो. हा रिकामा वेळ कुठे जात नाही हो, कोणीतरी तो सोसतो. जुन्या पद्धतीत तो प्रवासी सोसायचा. गाड्या कमी, म्हणून तुम्ही स्टेशनबाहेर ताटकळत उभे. आता गाड्या जास्त, म्हणून चालक पेट्रोल पंपाच्या कडेला सीट मागे टाकून पुढच्या राइडची वाट बघत पडलेला. तुम्हाला तीन मिनिटांत गाडी मिळते याचा अर्थ तुमच्या तीन किलोमीटरच्या आत कोणीतरी रिकामा बसलेला असतो. ती सोय तुम्हाला फुकट मिळते, कारण त्या बसण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.

उत्साही : हे मात्र मी या अंगानं पाहिलं नव्हतं. तरीही त्याचा इलाज दर बांधून देणं हा नाही. उलट बदलता दर हाच त्याचा इलाज आहे. हिंजवडीत जून महिन्यात संध्याकाळी सहाला पाऊस कोसळतोय, सगळ्या कंपन्या एकदम सुटल्यात. सरकारी दरानं त्या कोंडीत कोण शिरेल? दर दीडपट झाला की बाणेरचा चालक तिकडे वळतो. तुम्ही म्हणाल ही लूट आहे. मग पावसात मीटरवर यायला नकार देऊन "दोनशे होतील" म्हणणारा रिक्षावाला काय करत होता? त्याचाही सर्जच होता, फक्त पावती नव्हती.

शंकेखोर : सर्जवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण ते भांडण केंद्रानं जवळजवळ मिटवलंय. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत कमाल मर्यादा मूळ दराच्या दीडपट होती, जुलै 2025 च्या सूचनांत ती दुप्पट झाली. स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान 80 टक्के वाटा द्या, असंही त्यात आहे. ऐकायला छान. पण कशाचे 80 टक्के? खरं दुखणं वरच्या टोकाला नाहीच, खालच्या टोकाला आहे. पुण्यात 1 जानेवारी 2024 पासून वातानुकूलित कॅबचा दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानं ठरवून दिला. पहिल्या दीड किलोमीटरला 37 रुपये, पुढे किलोमीटरला 25. पंधरा किलोमीटरचे झाले साधारण 375. ॲपवर तुम्हाला दिसतात, समजा, अडीचशे. चालकांनी काय केलं? 2025 मध्ये 'ओन्लीमीटर' नावाची एक वेबसाइट पुढे केली. गाडीत बसलात की चालक आपला मोबाइल तुमच्याकडे वळवतो. एका फोनवर कंपनीचा दर, दुसऱ्यावर सरकारचा दर, आणि तो म्हणतो, "सर, आरटीओच्या रेटनं द्या." तुम्ही काय करणार?

उत्साही : मी ॲपचा दर बघून बसलो. मी तेवढेच देणार.

शंकेखोर : आणि कायद्यानं तो बरोबर आहे.

उत्साही : कायद्यानं असेल. व्यवहारानं मी बरोबर आहे. मला आधी 375 दिसले असते तर मी बसलोच नसतो. स्कूटर काढली असती, पीएमपीची वाट पाहिली असती, नाहीतर जाणं रद्द केलं असतं. तुमचे दर ठरवणारे लोक हे कधीच धरत नाहीत. हकीम समिती झाली, खटुआ समिती झाली. इंधन, सुटे भाग, विमा, महागाई, सगळ्याची बेरीज करून किलोमीटरचा दर काढला जातो. तो अर्थातच भरलेल्या किलोमीटरचा. दर वाढला की भाडी कमी होणार, मग चालक जास्त वेळ रिकामा बसणार, म्हणजे तुम्ही आत्ता ज्याच्यावर हळहळत होता तोच रिकामा वेळ तुमच्या सरकारी दरानं वाढणार. किलोमीटरला 25 मिळाले आणि दिवसाला चार भाडी लागली, तर त्या 25 चं करायचं काय?

(लेखकाला इथे मध्ये तोंड घालायचा मोह होतो. दोघांनाही आपापल्या जागी गप्प करणारा हा मुद्दा आहे, आणि दरवाढीच्या प्रत्येक बातमीत नेमका तोच नसतो.)

शंकेखोर : म्हणूनच न्यूयॉर्ककडे बघा म्हणतो. तिथं 2018 मध्ये नव्या ॲपगाड्यांच्या नोंदणीवर मर्यादा आली आणि फेब्रुवारी 2019 पासून चालकाला खर्च वजा जाता तासाला किमान 17.22 डॉलर पडतील असं सूत्र लागू झालं. त्या सूत्रातली गंमत अशी की नुसता मैलाचा दर बांधला नाही. गाडी किती वेळ प्रवाशासह धावते, त्या प्रमाणानं भागून प्रत्येक फेरीचा मोबदला काढला. गाड्या जास्त रिकाम्या राहिल्या की दर फेरीला कंपनीनं जास्त द्यायचे. म्हणजे रिकाम्या वेळाचं बिल ज्याच्यामुळे तो वाढतो त्याच्याच नावावर. आपल्याकडे पंचवीस की बावीस यावर संप होतात, पण हे प्रमाण कोणी विचारत नाही.

उत्साही : पुढची गोष्ट सांगायचं टाळलंत. सूत्र लागू झालं आणि त्याच वर्षी कंपन्यांनी मंदीच्या वेळी चालकांना लॉगिनच करू द्यायचं बंद केलं. 2024 मध्ये पुन्हा तेच. रिकाम्याचे पैसे द्यावे लागतात ना, मग रिकामा ठेवायचाच नाही. त्याला दाराबाहेर उभा करा. चालक गाडीतच बसून होता, फक्त ॲपच्या हिशेबात तो आता कामावर नव्हता. तुमच्या सूत्रानं रिकामा वेळ संपला नाही, तो वहीतून खोडला गेला.

शंकेखोर : हो. तो त्या सूत्राचा खरा पराभव आहे, हे मान्य करायला हवं. पण त्यातून निष्कर्ष असा निघतो की कोणाला कधी आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, ही सत्ता कंपनीकडे आहे. भाडं कोणाला द्यायचं, कोणाचा आयडी ब्लॉक करायचा, रेटिंग किती पडलं की कामच थांबवायचं. ज्याच्याकडे ही सत्ता असते त्याला आपण मालक म्हणतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांबद्दल हेच म्हटलं. ते कामगार आहेत, त्यांना किमान वेतन आणि पगारी रजा लागू आहे, आणि ॲप चालू करून भाडं घ्यायला तयार असलेला वेळ हा कामाचा वेळ आहे. त्यावर कंपनीनं काय केलं? भाडं स्वीकारल्यापासूनचाच वेळ मोजायचं ठरवलं. पुन्हा तोच रिकामा वेळ, बरोबर त्याच जागी अडलेला.

उत्साही : मला सांगा, ज्या चालकाच्या डॅशबोर्डवर तीन फोन लावलेत, तीन कंपन्यांची ॲपं चालू आहेत, त्याचा रिकामा अर्धा तास कोणत्या कंपनीच्या नावावर घालाल? तो तिघांचीही वाट बघतोय आणि जिची राइड चांगली तिची घेणार आहे. ही त्याची ताकद आहे. नोकर ठरवलंत तर पहिली कंपनी म्हणेल, आमच्या वेळेत दुसरीचं ॲप बंद ठेव. चालकांशी बोला. कितीतरी जण सांगतील की दुपारी पोराला शाळेतून आणायला जातो, गणपतीत दहा दिवस गावी जातो, रजेचा अर्ज लिहावा लागत नाही. ही मोकळीक खोटी नाही.

शंकेखोर : खोटी नाही, अपुरी आहे. हप्त्याची तारीख आली की मोकळीक संपते. पण तीन फोनांचा प्रश्न अवघड आहे, त्याचं धड उत्तर मला कुठे मिळालेलं नाही. आपल्याकडे निदान मधली वाट निघाली आहे. सामाजिक सुरक्षा संहिता संसदेनं 2020 मध्ये केली, ती लागू व्हायला 21 नोव्हेंबर 2025 उजाडलं. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरायचे, मग चालक कोणाचा हे ठरवायची गरज उरत नाही. अपघात, आजारपण, म्हातारपण यांना थोडा आधार मिळेल. रिकामा वेळ मात्र या निधीनंही कोणाच्या खात्यावर टाकलेला नाही.

उत्साही : आणि तोवर कंपन्यांनी कूस बदलली. आता कमिशनच घेत नाहीत. चालकानं रोजचे ठरावीक पैसे भरायचे, भाडं थेट प्रवाशाकडून घ्यायचं. बेंगळुरूत 'नम्मा यात्री'नं ही पद्धत रिक्षाचालकांना सोबत घेऊन रुजवली, मोठ्या कंपन्यांनी उचलली. मला वाटतं ही चांगली गोष्ट आहे. जेवढं कमवाल ते तुमचं.

शंकेखोर : चांगली दिसते खरी. पण रोजचे पैसे भरून दिवसभर भाडं लागलं नाही तर? कमिशनमध्ये निदान कंपनीचं नशीब चालकाच्या नशिबाशी बांधलेलं होतं. आता रिकाम्या दिवसाचं सगळं ओझं त्याच्यावर, आणि कंपनी म्हणणार आम्ही फक्त सॉफ्टवेअर देतो. 80 टक्क्यांचा तो नियम आता कशाला लावणार? कंपनी भाड्याला हातच लावत नाही. जीएसटीचंही तेच. कर्नाटकच्या एकाच प्राधिकरणानं याच पद्धतीबद्दल एका कंपनीला कर लागत नाही आणि दुसरीला लागतो, असे निर्णय दिले. नियम लिहिणारा मुक्कामाला पोचतो तेव्हा सर्कस पुढच्या गावाला गेलेली असते.

उत्साही : मग उगाच नियम कशाला, असं मी म्हणालो तर चुकतं कुठे? बाइक टॅक्सीचंच बघा. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात बंद, एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाची परवानगी, तीही फक्त इलेक्ट्रिक गाड्यांना. मधल्या काळात लोक मागच्या सीटवर बसून जातच होते, पन्नास रुपयांत.

शंकेखोर : पांढऱ्या पाटीच्या गाडीवर. तिचा विमा खासगी वापराचा. मागे बसलेल्याचा पाय मोडला की विमा कंपनी पहिला प्रश्न विचारणार, भाडं घेतलं होतं का? पन्नास रुपये स्वस्त का होते ते तिथं कळतं. आणि नियमच नको म्हणत असाल तर गोवा बघा. तिथं टॅक्सीवाल्यांनी बाहेरच्या ॲपना शिरूच दिलं नाही. पर्यटन महामंडळानं 2018 मध्ये 'गोवामाइल्स' आणलं तर त्यालाही कडाडून विरोध झाला. तिथं नियमन सरकारचं नाही, कंपनीचंही नाही, संघटनेचं आहे.

उत्साही : आणि त्याची किंमत पर्यटक देतो असं सगळे म्हणतात, पण मडगावहून रात्री घरी जायला वाहन न मिळणारा गोंयकारही देतो. कोणाच्या तरी हाती मक्ता जातोच, एवढंच मला त्यातून दिसतं.

शंकेखोर : पण गाडी टॅक्सीवाल्याच्या मालकीची, पैसा गावातच राहतो, भाव त्यांनी मिळून ठरवलेला. यावरून एक विचारतो. ॲपवर सगळ्या चालकांचा दर एकाच सूत्रानं ठरतो, हे दरांचं संगनमत नाही का, अशी तक्रार स्पर्धा आयोगाकडे गेली होती. आयोगानं ती नोव्हेंबर 2018 मध्ये फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानंही डिसेंबर 2020 मध्ये निकाल कायम ठेवला. कारण चालकांनी आपापसात काही ठरवलेलं नाही, दर ॲप ठरवतं. आता उलटं धरा. त्याच चालकांनी एका हॉलमध्ये जमून ठरवलं की यापेक्षा कमी घ्यायचं नाही, तर त्यांच्याकडे मात्र संगनमत म्हणून बोट दाखवता येईल. हजारो लोकांचा भाव एकानं ठरवला तर तंत्रज्ञान, आणि त्यांनीच ठरवला तर गुन्हा?

उत्साही : हा मुद्दा मला झोंबला. मी बाजाराच्या बाजूचा माणूस आहे, आणि ज्या बाजारात विकणाऱ्याला आपल्या मालाचा भाव सांगता येत नाही त्याला बाजार कसा म्हणू? चालकाला स्वतःचा दर ॲपवर लावू द्या, प्रवाशाला निवडू द्या, असं मी म्हणेन. किंवा सहकार. 2025 च्या अखेरीस दिल्लीत 'भारत टॅक्सी' प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, चालकांचीच सहकारी संस्था. महाराष्ट्राला तर याची सवय आहे.

शंकेखोर : महाराष्ट्राला सवय आहे म्हणूनच मी घाबरतो. सभासदांच्या मालकीचे साखर कारखाने कोणाच्या मुठीत गेले ते आपण पाहिलंय. चालकांची संस्था झाली तरी भाडं आधी कोणाला द्यायचं हे ठरवणारा कोणीतरी असणारच, आणि संचालकांच्या पुतण्याची गाडी कधी रिकामी राहणार नाही. म्हणून मालकी कोणाचीही असो, मला एक दप्तर उघडं हवंय. मीटरला सील ठोकता यायचं, कारण मीटर समोर दिसायचा. आता भाडं कसं लागतं, दर कसा निघतो, आयडी का ब्लॉक होतो, हे कोणाही निरीक्षकाला दिसत नाही. जानेवारी 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोटिसा काढल्या की आयफोनवर आणि अँड्रॉइडवर एकाच प्रवासाचे वेगळे दर दिसतात का. कंपन्यांनी नाही म्हटलं. पडताळणार कसं? परवान्याची पहिली अट दरपत्रक नसावी. प्रत्येक गाडी किती तास लॉगिन होती, त्यातली किती भरलेली धावली, हा हिशेब दरमहा द्या.

उत्साही : म्हणजे मी कोणत्या रात्री कुठून कुठे गेलो याची नोंद सरकारच्या संगणकावर?

शंकेखोर : तुमचं नाव नको, गाडीचे तास हवेत.

उत्साही : गाडीचे तास आणि जागा कळल्या की नाव शोधायला फार हुशारी लागत नाही. पण ते बाजूला ठेवतो, कारण मला तुमचा हिशेब मान्य आहे, त्याच्या पुढचं पाऊल मान्य होईल की नाही ते विचारतो. समजा आकडे आले. समजा त्यात स्पष्ट दिसलं की पुण्यात गाड्या गरजेपेक्षा फार जास्त आहेत आणि अर्धा दिवस रिकाम्या असतात. मग तुम्ही नवी नोंदणी थांबवणार. बीडहून, लातूरहून आलेला पुढचा पोरगा, दुष्काळात शेती गेलेला, त्याला तुम्ही सांगणार की तुझ्या आधी आलेल्यांना पुरेशी भाडी मिळावीत म्हणून तू थांब. आणि आत असलेल्याचा परवाना पुन्हा लाखाला विकला जाणार. आपण जिथून निघालो तिथेच की.

शंकेखोर : नाही थांबवलं तर तोही हप्ता काढून पंपाच्या कडेला उभा राहणार, आणि तुम्हाला गाडी तीन मिनिटांऐवजी दोन मिनिटांत मिळणार. त्या एका मिनिटाचे तुम्ही किती द्याल?

उत्साही : खरं सांगू? काहीच नाही. मी ॲपवर स्वस्त पर्याय निवडेन.

शंकेखोर : मग समितीनं दर ठरवताना तुम्हाला हेच विचारायला हवं, आणि बीडच्या पोराला दुसरं. त्याला विचारायचं की दिवसाचे किती तास फुकट बसायची तयारी ठेवून तू गाडी घेतोयस. गाडी विकणारा, कर्ज देणारा, ॲपवर नोंदवून घेणारा, तिघांपैकी एकानं तरी त्याला तो आकडा सही घेण्याआधी दाखवावा, एवढी सक्ती करता येईल का?

उत्साही : ती करता येईल. त्यानं तो आकडा बघूनही सही केली, तर तुम्ही त्याला अडवणार का, हे मात्र तुम्ही अजून सांगितलेलं नाही.